पहिल्या टप्प्यातून थेट तिसऱ्यात उडी : तुमचंही असं होतं का?

पायवाट

नमस्कार. समुपदेशनाचा अभ्यासक्रम पूर्ण करून मला आठ महिने झाले. आठवड्याला सात-आठ सेशन घेते, दर पंधरा दिवसांनी सुपरव्हिजनला जाते, म्हणजे माझ्या कामाबद्दल अनुभवी समुपदेशकाशी बोलायला. आमचा पाया ईगनच्या मॉडेलवर घातला गेला, म्हणून प्रश्नही त्याबद्दलच आहे.

ज्यांनी हे वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जेरार्ड ईगन हे शिकागोच्या लोयोला विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांचं 'द स्किल्ड हेल्पर' १९७५ मध्ये आलं आणि पुढच्या आवृत्त्यांमध्ये ते मांडणी बदलत गेले. गाभा तीन प्रश्नांचा. सध्या काय चाललंय? त्याऐवजी काय हवंय? तिथवर पोचायचं कसं? एकेक प्रश्न म्हणजे एकेक टप्पा, आणि प्रत्येक टप्प्यात तीन कामं. वर्गात फळ्यावर ते नऊ चौकोन काढले तेव्हा मला फार धीर आला होता. आता कुठे जायचं ते कळेल, असं वाटलं होतं.

प्रत्यक्षात काय झालं ते लिहिते. (वय, व्यवसाय, घरातली नाती बदलली आहेत. सुपरव्हायझरशी बोलूनच लिहिते आहे.) चाळिशीचे एक गृहस्थ आले. पहिल्याच भेटीत म्हणाले, "साहेबांशी पटत नाही. नोकरी सोडायची आहे, पण धीर होत नाही." मी ऐकून घेतलं, त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत परत मांडलं, राग आणि थकवा दोन्ही नोंदवले. दुसऱ्या भेटीत मला वाटलं, प्रश्न कळला आणि ध्येयही त्यांनीच सांगितलं. मग आम्ही आराखडा केला. बायोडेटा कधी लिहायचा, कोणाला फोन करायचे, कुठल्या तारखेपर्यंत. ते मान डोलवत होते. कागद घडी घालून खिशात ठेवला.

तिसऱ्या भेटीत म्हणाले, "वेळच मिळाला नाही." मी अडथळे विचारले, आराखडा आणखी छोटा केला. चौथ्या भेटीला ते आलेच नाहीत.

तेव्हापासून मी माझ्या जुन्या नोंदी चाळते आहे. बहुतेक जणांच्या बाबतीत मी दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच तिसऱ्या टप्प्यात पोचलेली असते. मधला टप्पा नोंदीत एका ओळीत संपतो : 'ध्येय ठरले.' हे वाचून मला झोप लागली नाही.

पहिला टप्पा पुरेसा झाला हे तुम्ही कशावरून ओळखता? आणि दुसऱ्या टप्प्यात बसून नेमकं करायचं काय?

कानोसा

पायवाट, नोंदी परत चाळल्यात हे फार चांगलं केलंत. मी एकोणीस वर्षं हे काम करते आहे आणि ही उडी मीही मारलेली आहे, तीही अनेकदा.

पहिल्या टप्प्यात तीन कामं आहेत हे तुम्हीच लिहिलंत, पण त्या गृहस्थांबरोबर तुमचं एकच काम झालं. त्यांनी गोष्ट सांगितली, तुम्ही ऐकली. दुसरं काम ब्लाइंड स्पॉटचं, म्हणजे त्या गोष्टीतलं जे त्यांना स्वतःला दिसत नाही ते. तिसरं, कुठे हात घातला तर सगळ्यात जास्त फरक पडेल ते शोधणं. माणूस घेऊन येतो तो प्रश्न बहुधा सांगायला सोपा असतो. "साहेबांशी पटत नाही" हे अनोळखी माणसासमोर बोलता येतं. त्याच्या मागे काय आहे ते पहिल्या भेटीत बोलता येत नाही, कधीकधी त्यालाच ठाऊक नसतं.

आता ओळखायचं कसं. माझ्या खुणा सांगते.

पहिली खूण वाक्याच्या कर्त्याची. सुरुवातीला सगळी वाक्यं 'तो', 'ती', 'ते लोक' अशी सुरू होतात. साहेब असं बोलतात, बायको ऐकत नाही. कधीतरी एक वाक्य 'मी'ने सुरू होतं. तक्रारीचा 'मी' वेगळा. "मी तेव्हा काय करतो माहितीये?" असा 'मी' मी म्हणते आहे. तो आला की कान टवकारा.

दुसरी खूण म्हणजे बोलता बोलता थांबणं. माणूस एखादं वाक्य बोलतो आणि ते स्वतःच ऐकून थबकतो. ते वाक्य आधी शंभर वेळा बोललेलं नसतं. त्याउलट गोष्ट जर घोटून पाठ झालेली असेल, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने येत असेल, तर आपण अजून दारातच आहोत.

ब्लाइंड स्पॉटबद्दल एक सांगायला हवं. नवीन मंडळी याला घाबरतात, कारण शिकताना 'आव्हान देणं' असा शब्द कानावर पडलेला असतो. ईगन यांचा स्वतःचा भर पुढे याकडे सरकला की माणसाला स्वतःलाच आव्हान द्यायला बोलवायचं. म्हणजे "तुम्ही विसंगत बोलताय" असं म्हणायचं नाही. त्याच्या बोलण्यात जे अर्धवट आहे ते हळूच समोर ठेवायचं. तुमचे गृहस्थ म्हणाले असतील, "साहेब सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलतात." यावर "अपमान झाल्यासारखं वाटतं" असं म्हणणं बरोबरच आहे. पण त्यांनी न बोललेलंही काही असतं : "आणि त्या वेळी तुम्ही काहीच बोलत नाही." हे आवाज न चढवता म्हणायचं, आणि मग थांबायचं. आपल्याला ती शांतता सोसत नाही म्हणून आपण पुढचा प्रश्न टाकतो आणि त्यांच्या ओठांवर आलेलं परत आत जातं.

मी शिकाऊ मंडळींना एक सराव देते. परवानगी घेऊन केलेल्या रेकॉर्डिंगमधली दहा मिनिटं ऐका आणि आपण किती प्रश्न विचारले ते मोजा. मग त्यातला प्रत्येक प्रश्न विधान करून पाहा. "तुम्हाला राग आला का?" ऐवजी "राग आला." इतकंच. प्रश्नाला उत्तर मिळतं. विधानावर माणूस आपलं आपण पुढे बोलतो.

दुसऱ्या टप्प्याबद्दल सावकाश लिहिते, तो माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

अर्धविराम

थोडं वेगळं मत मांडतो. मी व्यक्तिकेंद्रित पद्धतीने काम करतो. मला वाटतं, पायवाट यांची अडचण चौकोनांतूनच येते. समोर माणूस बसलेला असताना 'हा आता कुठल्या टप्प्यात आहे' हा विचार डोक्यात चालू असेल, तर तेवढा वेळ आपण त्या माणसापाशी नसतो.

व्यक्तिकेंद्रित पद्धतीचे जनक कार्ल रॉजर्स यांनी १९५७ च्या लेखात बदलासाठी आवश्यक आणि पुरेशा अशा सहा अटी मांडल्या. समुपदेशकाचा खरेपणा, विनाअट स्वीकार आणि समानुभूती या तीन सगळ्यांच्या तोंडी आहेत. पण सहावी अट फार कमी जण लक्षात ठेवतात : हा स्वीकार आणि ही समानुभूती समोरच्याला, निदान थोडी तरी, जाणवली पाहिजे. आपण समजून घेतलं एवढ्याने भागत नाही. त्याला तसं वाटायला हवं.

गेल्या वर्षी माझ्याकडे एक आई येत होती, मुलगा गेलेला. तिला मी 'त्याऐवजी काय हवंय' असं कोणत्या तोंडाने विचारणार होतो? तिला मुलगा हवा होता. चौदा भेटी झाल्या, एकही ध्येय ठरलं नाही. पंधराव्या भेटीत ती म्हणाली की आता तिला त्याच्या खोलीचं दार उघडं ठेवता येतं. हे कुठल्या चौकोनात बसवायचं?

कानोसा

अर्धविराम, त्या आईबद्दल वाचून मी बराच वेळ थांबले. तुम्ही केलंत तेच करायला हवं होतं. शोकात असलेल्या माणसाला ध्येय विचारणं क्रूर होतं, आणि मॉडेल वापरणाऱ्या कोणीही ते विचारू नये.

पण एक नोंदवते. आदर, समानुभूती, खरेपणा हे सगळं ईगन यांनी रॉजर्सकडूनच घेतलं. ती जमीन आहे आणि टप्पे तिच्यावर उभे आहेत. जमीन नसताना टप्पे वापरले की सरकारी अर्ज भरून घेतल्यासारखं होतं, हे मला मान्य आहे. मात्र उलटही पाहिलं आहे. वर्षभर उत्तम ऐकून घेतलं गेलं, माणसाला हलकं वाटत राहिलं, आणि ज्या घरात रोज मार खावा लागतो त्याच घरात तो परत जात राहिला. कोणीतरी "मग आता काय करता येईल?" हे विचारायला हवं होतं.

मला इथे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांची १९७९ ची मांडणी उपयोगी पडते. समुपदेशक आणि क्लायंट यांची युती तीन गोष्टींची : जिव्हाळा, कशासाठी भेटतोय याबद्दल एकमत, आणि त्यासाठी काय करायचं याबद्दल एकमत. पायवाट यांच्या केसमध्ये जिव्हाळा असावा, नाहीतर ते तिसऱ्यांदा आले नसते. एकमत मात्र फक्त कागदावर होतं.

खडूफळा

मी शाळेत समुपदेशक आहे. आमच्याकडे तुमच्यासारखा पन्नास मिनिटांचा तास नसतो. दोन तासांच्या मधे वीस मिनिटं, बाहेर घंटा, आणि समोरचं मूल स्वतःहून आलेलं नसतं. वर्गशिक्षकांनी चिठ्ठी देऊन पाठवलेलं असतं.

त्यामुळे आमच्याकडे पहिल्या टप्प्याच्याही आधी एक टप्पा लागतो. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या मानसशास्त्रज्ञांनी बदलाच्या अवस्था मांडल्या, त्यातली पहिली अवस्था अशी की बदलाचा विचारच मनात नाही. अशा मुलाला "तुझं ध्येय काय?" विचारलं की ते लगेच सांगतं, "अभ्यास करीन, मस्ती करणार नाही." हे शिक्षकांचं ध्येय मुलाच्या तोंडून आलेलं असतं. सुरुवातीला मी ते वहीत लिहून घ्यायचे आणि खूश व्हायचे. आज आठवलं तरी वाईट वाटतं.

आता मी पहिल्यांदा विचारते, "तुला इथे का पाठवलं असं तुला वाटतं? आणि तुला ते पटतं का?" दुसऱ्या प्रश्नाला मुलं दचकतात. नाही म्हणायची परवानगी आहे, हे त्यांना नवीन असतं.

एक मुलगा बरेच दिवस फक्त पेन्सिलीला टोक करत बसायचा. मी त्याला स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या थेरपिस्ट जोडीकडून आलेला चमत्काराचा प्रश्न विचारला, मुलांच्या भाषेत. रात्री झोपेत जादू झाली आणि त्रास गेला, पण तुला कोणी सांगितलंच नाही, तर सकाळी उठल्यावर तुला कशावरून कळेल? तो म्हणाला, "मधल्या सुट्टीत मी बाथरूममध्ये थांबणार नाही." तोवर कोणालाही माहीत नव्हतं की तो रोजची सुट्टी तिथे लपून काढतो. शिक्षकांची तक्रार अक्षराबद्दल होती.

म्हणून मला वाटतं, दुसरा टप्पा नेहमी पहिल्यानंतरच येतो असं नाही. काही वेळा 'काय हवंय' विचारल्यावरच 'काय चाललंय' ते कळतं.

खिडकीजवळ

मी या क्षेत्रातली नाही. तीन वर्षांपूर्वी क्लायंट म्हणून दोघींकडे गेले होते, तो अनुभव लिहिते. चालेल ना?

पहिल्या मॅडम अतिशय प्रेमळ होत्या. दुसऱ्या भेटीत त्यांनी मला एक तक्ता दिला, तीन ध्येयं लिहायला. मी लिहिली. ती माझी नव्हती. त्यांचा चेहरा बघून मी अंदाज घेत होते की काय लिहिलं की यांना बरं वाटेल. घरात मी आयुष्यभर हेच करत आले आहे, आणि त्याच त्रासासाठी मी तिथे गेले होते. दर आठवड्याला त्या विचारायच्या, "किती झालं?" आणि मी थोडं वाढवून सांगायचे. शेवटी खोटं बोलायचा इतका ताण आला की जाणंच बंद केलं. त्यांना कधीच कळलं नसेल मी का थांबले ते.

दुसऱ्या बाईंनी चौथ्या की पाचव्या भेटीत मला विचारलं, "आत्ता तुम्ही माझ्यासाठी हो म्हणालात का?" मी रडायलाच लागले. माझं खरं काम तिथून सुरू झालं.

पायवाट, तुमचे ते गृहस्थ मान डोलवत होते असं तुम्ही लिहिलंय. मला ती मान ओळखीची वाटली.

पायवाट

खिडकीजवळ, तुमचं वाचून अंगावर काटा आला. मनापासून आभार. ती मान माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

कानोसा

दुसऱ्या टप्प्याबद्दल लिहिते म्हटलं होतं. खिडकीजवळ यांनी अर्धं काम केलंच आहे.

या टप्प्यातही तीन कामं. आधी शक्यता मोकळ्या सोडायच्या : हे सगळं बरं झालं तर काय काय असेल? इथे छाननी करायची नाही, अशक्य वाटेल तेही येऊ द्यायचं. मग त्यातून हाताला लागेल असं काही निवडायचं. आणि मग बांधिलकी तपासायची, जी आपण सगळेच गाळतो. "यासाठी काय सोडावं लागेल?" हा प्रश्न विचारला की बरीच ध्येयं गळून पडतात आणि ते चांगलंच असतं. नोकरी सोडायची म्हणणाऱ्याला मी विचारते, "सोडलीत. तीन महिने झाले. आता सकाळी काय करताय?" ज्याला खरंच सोडायची आहे तो सांगू लागतो. ज्याला दुसरंच काही हवंय तो गप्प होतो.

"मला हे नकोय" आणि "मला हे हवंय" ही दोन वाक्यं एकमेकांची उलटी नसतात. भांडण नकोय म्हणणाऱ्याला कोणाला शांतता हवी असते, कोणाला आपलं ऐकलं जायला हवं असतं, कोणाला वेगळं राहायचं असतं. नकोय पासून हवंय पर्यंत यायला दोन भेटी लागल्या तरी त्या वाया गेल्या असं समजू नका.

आणि तिसरा टप्पा अडला की आराखडा लहान करण्याआधी मागे जा. "वेळ मिळाला नाही" हे पुष्कळदा दुसऱ्या टप्प्याचं उत्तर असतं, ते आपण तिसऱ्याचा अडथळा म्हणून वाचतो.

साखळी

चर्चा छान चालली आहे, एक महत्त्वाची गोष्ट राहू नये म्हणून लिहितो. मी हेल्पलाइनवर काम करतो. समोरच्याच्या बोलण्यात जीव देण्याचा विचार, हिंसा किंवा लहान मुलाला धोका दिसला, तर टप्पे बाजूला ठेवायचे आणि आधी सुरक्षितता बघायची. आत्महत्येबद्दल स्पष्ट शब्दांत विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जातो ही भीती खरी नाही. उलट कोणीतरी विचारलं याने बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. विचार आहे का, योजना आहे का, साधन हाताशी आहे का, आज रात्री सोबत कोण आहे. आणि गोपनीयतेला इथे मर्यादा आहे, हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवलेलं असावं. 'सगळ्याचा कंटाळा आलाय' हे वाक्य मी कधीही नुसतं पुढे जाऊ देत नाही.

पायवाट

साखळी, आभार. त्या गृहस्थांना मी हे विचारलं नव्हतं. आता विचारलं. तसा धोका नाही.

हो, ते परत आले. तीन आठवड्यांनी त्यांचाच फोन आला. इथलं सगळं वाचून आणि सुपरव्हिजनमध्ये बोलून मी ठरवलं होतं की सुरुवात माझ्याकडून करायची. मी म्हणाले, "मागच्या वेळी मी आराखड्याची घाई केली. तो कागद आपण सोडून देऊ." ते बराच वेळ खाली बघत होते. मग म्हणाले, "तो कागद हरवला माझ्याकडून. म्हणून यायची लाज वाटत होती." मदत म्हणून दिलेला कागद त्यांना तीन आठवडे टोचत होता.

पुढची वीस मिनिटं पुन्हा साहेब. तेच प्रसंग, तेच शब्द. कानोसा यांनी लिहिलेलं आठवलं आणि मी म्हणाले, "ते बोलतात आणि तुम्ही गप्प राहता. मग ते सगळं आत साठत असेल." आणि थांबले. खूप जड गेलं ते थांबणं.

ते म्हणाले, "साठत नाही. घरी निघतं." मग एकदम थबकले. माझ्याकडे न बघता सांगितलं की ते खोलीत आले की त्यांची मुलगी वही उचलून आत निघून जाते. बोलत नाही, भांडत नाही, फक्त उठते. "मी साहेबांसारखाच बोलतो तिच्याशी," म्हणाले. हे त्यांनी आधी कोणालाही सांगितलं नव्हतं. 'मी'ने सुरू झालेलं ते पहिलं वाक्य.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, काय वेगळं हवंय. "तिने उठू नये. एवढंच." खडूफळा यांच्या शाळेतला तो मुलगा डोक्यात होता, म्हणून मी विचारलं, "ती बसून राहिली, तर त्या वेळी तुम्ही काय करत असाल?" त्यांनी खूप विचार केला. "गप्प असेन. पण तिला भीती वाटणार नाही असा गप्प."

माझ्या हातात पेन होतं. मी काही लिहिलं नाही.

निघताना त्यांनी विचारलं, "पुढच्या वेळी काय करून आणू?" मी म्हणाले, काही आणू नका. घरी आल्यापासून हे डोक्यात आहे. ईगनच्या आकृतीत तिन्ही टप्प्यांच्या खालून कृतीचा बाण जातो, म्हणजे कृती पहिल्या भेटीपासूनच हवी. मी आता उलट्या बाजूला तर झुकले नाही ना?

कानोसा

तो बाण म्हणजे गृहपाठ नाही. लाज वाटत असताना फोन उचलून परत येणं ही कृती आहे, आणि मुलीबद्दलचं ते वाक्य मोठ्याने बोलणं ही त्याहून मोठी. शिवाय आज ते घरी जातील तेव्हा मुलगी कधी उठते ते त्यांना दिसेल. आपण आत आल्यावर, की आपण तोंड उघडल्यावर? तुम्ही सांगितलं नाहीत तरी ते बघणारच. पुढच्या भेटीत त्यांना जे दिसलं त्यापासून सुरू करा.

खिडकीजवळ

त्यांना एकदा हेही विचाराल का, की "काही आणू नका" ऐकून कसं वाटलं? मला कोणी तसं म्हटलं असतं तर मी घाबरले असते, आता यांना खूश कसं करायचं म्हणून.

पायवाट

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गुरुवारी भेट आहे. आधी हेच विचारते.